एका कोठाराचे वर्ष : एकॉर्न सुतार पक्ष्याच्या कुटुंबाच्या प्रकल्प नोंदी

12 सप्टेंबर

कॅलिफोर्नियाच्या किनारी डोंगररांगांच्या आतल्या बाजूला, वाळलेल्या गवताच्या उतारांवर अंतराअंतराने उभ्या असलेल्या ओक वृक्षांच्या रानात, जमीनमालकाच्या परवानगीने आजपासून काम सुरू केले. प्रकल्पाचा हेतू मर्यादित ठेवला आहे. एकॉर्न सुतार (शास्त्रीय नाव मेलानर्पीस फॉर्मिसिव्होरस) या पक्ष्याचे एक कुटुंब आणि त्या कुटुंबाचे एक कोठार यांची पुढच्या उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत सलग नोंद ठेवायची आहे. हा पक्षी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ओरेगॉन आणि त्याच्या थोडे उत्तरेपासून कॅलिफोर्निया, नैर्ऋत्येची राज्ये, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून खाली कोलंबियापर्यंत आढळतो. जिथे ओक नाही तिथे तो जवळजवळ नसतोच.

निवडलेले झाड व्हॅली ओक या जातीचे असून त्याचा घेर मोठा आहे. पश्चिमेकडची एक जाड फांदी पूर्ण वाळलेली आहे. बुंध्याचा वरचा भाग आणि ही वाळकी फांदी यांवर बोटभर अंतराने भोकेच भोके आहेत. हेच या कुटुंबाचे कोठार आहे; या भोकांत हे पक्षी एकॉर्न, म्हणजे ओकची फळे, साठवतात. आसपास ब्लू ओक आणि सदाहरित कोस्ट लाइव्ह ओकही आहेत, ही बाब पुढे महत्त्वाची ठरेल.

पक्ष्यांच्या पायात रंगीत कडी घालण्याचा परवाना माझ्याकडे नाही आणि या प्रकल्पाला त्याची गरजही नाही. त्यामुळे एकेक पक्षी ओळखून त्याचे नाते सांगणे मला शक्य होणार नाही. नात्यागोत्याबद्दल जे लिहीन, ते कॅलिफोर्नियातीलच कार्मेल खोऱ्यातील हेस्टिंग्ज राखीव क्षेत्रात 1968 पासून चालू असलेल्या संशोधनाच्या आधारे लिहीन. मायकेल आणि बार्बरा मॅकरॉबर्ट्स यांनी ते काम सुरू केले, आणि पुढे वॉल्टर कोनिग व त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक पिढ्यांतील पक्ष्यांची वंशावळ तयार होईल इतके ते नेटाने चालवले.

27 सप्टेंबर

व्हॅली ओकची फळे पिकू लागली आहेत. साठवणीचे काम पहाटेपासून चालू असते आणि दुपारच्या उन्हात थोडे मंदावते.

आज स्पॉटिंग स्कोपमधून एक संपूर्ण साठवण जवळून पाहता आली. पक्ष्याने फांदीच्या टोकावरून देठाची वाटी सोडून फळ तोडले, चोचीत आडवे धरून कोठारावर आणले आणि रिकाम्या भोकांवरून चढत-उतरत एकेक भोक चाचपले. पहिल्या भोकात फळ सैल बसले, म्हणून त्याने ते लगेच काढून घेतले. दुसऱ्यात ते शिरलेच नाही. तिसऱ्या भोकात त्याने फळाचे टोकदार तोंड आत घातले आणि मागच्या चपट्या बाजूवर चोचीचे नेमके, हलके ठोके देत बाटलीला बूच बसावे तसे ते पृष्ठभागाच्या पातळीत बसवले. शेवटी शेपटीच्या ताठ पिसांचा टेकू घेऊन तो किंचित मागे सरला, पुन्हा एकदा ठोका दिला आणि मगच उडाला. फळाची आणि भोकाची जोडी जुळवण्यातच त्याचा बहुतेक वेळ गेला. घट्ट बसलेले फळ खारीला किंवा दुसऱ्या पक्ष्याला सहज उपसता येत नाही, त्यामुळे या चोखंदळपणावर सगळ्या साठ्याची सुरक्षितता अवलंबून असते.

10 ऑक्टोबर

कोठाराच्या रचनेची स्वतंत्र नोंद. जिवंत बुंध्यावरची भोके जाड सालीपुरतीच खोल आहेत. ती सालीखालच्या जिवंत थरापर्यंत पोचत नसल्यामुळे झाडाला इजा होत नाही. वाळक्या फांदीवर मात्र भोके थेट लाकडात कोरलेली आहेत. मोठ्या कोठारात अशी 50,000 पर्यंत भोके असू शकतात, मात्र सर्वसाधारण कोठार त्याहून पुष्कळ लहान, काही हजार भोकांचे असते. आमच्या झाडावरची भोके मी मोजलेली नाहीत. दोन ठिकाणी चौकट धरून छायाचित्रे घेतली असून त्याच चौकटी वर्षभर पुन्हा टिपणार आहे.

एक भोक कोरायला बराच वेळ लागतो, पण ते एकदा झाले की हंगामामागून हंगाम वापरता येते. म्हणून हजारो भोकांचे कोठार कोणत्याही एका पक्ष्याच्या आयुष्यात उभे राहत नाही. आज ज्या पक्ष्यांनी फळे ठोकली, त्यांना यातील बहुतेक भोके आयती मिळालेली आहेत. या जातीच्या समाजव्यवस्थेचे कोडे इथूनच उलगडायला लागते असे मला वाटते, आणि वर्षभराच्या नोंदी याच दिशेने तपासायच्या आहेत.

4 नोव्हेंबर

पाने विरळ झाल्यामुळे पक्षी नीट दिसतात, म्हणून आज रूपाचे वर्णन पूर्ण केले. लांबी साधारण 19 ते 23 सेंटिमीटर. पाठ, पंख आणि शेपटी चकचकीत काळी, कंबर पांढरी, आणि उडताना पंखांवरचे पांढरे ठिपके लांबूनही उठून दिसतात. छातीवर काळ्या रेघा असून पोट पांढरे आहे. या पक्ष्याची खरी ओळख चेहऱ्यात आहे. चोचीभोवती काळा पट्टा, कपाळ मलईसारखे पांढरे, तोच रंग गालांवरून उतरत गळ्याशी पिवळसर होतो, डोक्यावर लाल टोपी आणि त्यात पांढरीशुभ्र बुबुळे. काळ्या चेहऱ्यात ते पांढरे डोळे इतके स्पष्ट दिसतात की पक्षी कोणाकडे पाहतो आहे हेही दुर्बिणीतून कळते.

नर-मादी ओळखण्याची खूण सोपी आणि भरवशाची आहे. नराची लाल टोपी पांढऱ्या कपाळाला थेट भिडते, तर मादीच्या कपाळाच्या आणि लाल टोपीच्या मध्ये काळी पट्टी असते. या खुणेवरून आमच्या कुटुंबात सध्या चार नर आणि तीन माद्या आहेत.

सात पक्ष्यांचे हे कुटुंब मध्यम आकाराचे म्हणता येईल. हेस्टिंग्जमधील नोंदींनुसार एका गटात दोनपासून पंधरापर्यंत पक्षी असतात. त्यांतील प्रजनन करणारे नर बहुधा सख्खे भाऊ किंवा बाप-लेक असतात, प्रजनन करणाऱ्या माद्या बहिणी किंवा मायलेकी असतात, आणि उरलेले पक्षी म्हणजे मागच्या वर्षांची मुले. ती स्वतः प्रजनन न करता मदतनीस म्हणून राहतात, पिलांना भरवतात, कोठार राखतात. भाऊभाऊ मिळून बहिणीबहिणींशी जोडा बांधतात आणि सगळ्यांची पिले एकाच ढोलीत वाढतात अशी व्यवस्था पक्ष्यांच्या जगात फार थोड्या ठिकाणी दिसते.

29 नोव्हेंबर

कोठाराची राखण दिवसभर चालते. एक पक्षी नेहमी शेंड्याजवळ बसलेला असतो. फळे पळवणारे ‘जे’ (jay) नावाचे पक्षी आणि खारी दिसताच तो ‘वाका-वाका’ अशी खरखरीत हाक देतो आणि बाकीचे जमा होतात. पंख पसरून, मान झुकवून एकमेकांना सामोरे जाण्याचा त्यांचा अभिवादनाचा प्रकारही याच वेळी दिसतो. एकट्यादुकट्याला हे कोठार राखता आले नसते, ही गोष्ट तासभर पाहिले तरी पटते.

18 डिसेंबर

साठवलेली फळे वाळून आकसली आहेत. सप्टेंबरात घट्ट बसलेले फळ आता भोकात हलते. पक्षी कोठारावरून फिरत ठोकून ठोकून फळे तपासतात आणि सैल झालेले फळ काढून लहान भोकात हलवतात. माझ्या पहिल्या चौकटीतील बरीच फळे जागा बदलून गेली आहेत. फळे वेचून ठेवण्याचे काम काही आठवड्यांत संपते, पण ठेवलेल्या फळांची निगा सगळा हिवाळाभर चालते.

आहाराबद्दल नोंद करायची ती अशी, की एकॉर्न हे त्यांचे आवडते खाद्य आहे असे सरसकट म्हणणे बरोबर नाही. या फळात पिष्टमय पदार्थ आणि स्निग्धांश भरपूर असतो, मात्र प्रथिने कमी असतात, आणि टॅनिन या तुरट द्रव्यामुळे ते पचायलाही जड जाते. ऊबदार दिवशी हेच पक्षी शेंड्यावरून झेप घेऊन हवेतले कीटक पकडतात. झाडाचा रसही ते पितात. साठा हा कीटक मिळत नाहीत त्या काळाचा आधार आहे, आणि वसंतापर्यंत तो उरला तर कुटुंबाचे प्रजनन चांगले होते.

फळ फोडण्यासाठी एका आडव्या फांदीवरची ठरावीक खाच वापरली जाते. खाली टरफलांचा थर साचला आहे.

21 जानेवारी

या आठवड्यात नवी भोके कोरण्याचे काम पाहायला मिळाले. नर आणि माद्या दोघेही कोरतात. सगळी नवी भोके वाळक्या फांदीवर आहेत आणि एकाही भोकाचे काम एका बैठकीत संपले नाही. एका पक्ष्याने सोडलेले भोक थोड्या वेळाने दुसऱ्याने पुढे कोरले.

कोठाराचा आणि कुटुंबाचा संबंध किती घट्ट आहे, याचा उलट बाजूचा पुरावा ॲरिझोनातून मिळतो. तिथल्या ह्युआचुका पर्वतातील पक्ष्यांवर स्टेसी आणि बॉक यांनी 1978 मध्ये जे प्रसिद्ध केले, त्यानुसार तिथले बरेच पक्षी मोठी कोठारे करत नाहीत, जोडीने राहतात आणि हिवाळ्यात जागा सोडून जातात. जात तीच, मात्र जिथे वारशाने मिळण्यासारखे काही नाही तिथे मुले आईबापांजवळ थांबत नाहीत. रिकामे, तयार कोठार रानात क्वचितच सापडते. त्यामुळे घर सोडून एकट्याने नवे बस्तान बसवण्यापेक्षा जन्मघरी मदतनीस राहून संधीची वाट पाहणे तरुण पक्ष्याला परवडते. हे मदतनीसपण कधी कधी कित्येक वर्षे चालते.

ओकच्या जातींची विविधताही इथे विचारात घ्यावी लागते. व्हॅली ओकची फळे एका वर्षात पिकतात, तर ब्लॅक ओकसारख्या काही जातींना दोन वर्षे लागतात, आणि सगळ्या जातींचे पीक एकाच वर्षी बुडण्याची शक्यता कमी असते. म्हणून जिथे ओकच्या अनेक जाती एकत्र वाढतात तिथे या पक्ष्यांची संख्या अधिक स्थिर राहते.

13 फेब्रुवारी

पाऊस. विशेष काही नाही. खालच्या चौकटीतील साठा निम्म्याहून कमी झाला आहे.

9 मार्च

मागच्या भेटीपासून तीनऐवजी दोनच माद्या दिसत होत्या. तिसरीचे काय झाले हे कळण्याचा मार्ग नाही. या भागात कूपर्स हॉक हा शिकारी पक्षी फिरतो एवढेच लिहितो. आज मात्र कोठारावर आणि भोवतीच्या झाडांवर आमच्या कुटुंबाच्या दुपटीहून जास्त पक्षी होते. हाका अखंड चालू होत्या, पक्षी एकमेकांना फांद्यांवरून हुसकत होते, दोन पक्षी चोचीने पाय धरून गुंतलेल्या अवस्थेत गवतात पडले आणि तिथेही भांडत राहिले. उपरे पक्षी बहुतांश माद्या आहेत, त्या दोन-तीनच्या टोळ्यांनी एकत्र राहतात.

गटातली प्रजनन करणारी मादी गेली की तिच्या मुली तिची जागा घेत नाहीत. जोपर्यंत त्यांचा बाप तिथे आहे, तोपर्यंत त्या प्रजननापासून दूर राहतात. त्यामुळे ती जागा बाहेरच्या, नात्यात नसलेल्या माद्यांसाठी मोकळी होते, आणि एकटी मादी लढू शकत नसल्याने बहिणी एकजूट करून येतात. या लढायांचा आजवरचा सर्वांत बारकाईने केलेला अभ्यास सहस बर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आहे. हेस्टिंग्जमधील पक्ष्यांना सौरऊर्जेवर चालणारे रेडिओ टॅग लावून त्यांनी दर काही क्षणांना कोण कुठे आहे याचा माग ठेवला आणि 2020 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही लढवय्ये दिवसाचे दहा तास याप्रमाणे चार दिवस लढले. त्याहून विलक्षण म्हणजे, लढाईशी काही देणेघेणे नसलेले पक्षी तीन-तीन किलोमीटरवरून आपली कोठारे सोडून नुसते पाहायला आले आणि रोज तासभरापर्यंत थांबले. कोणत्या गटात कोण उरले, कोण दुबळे झाले, ही माहिती त्यांना इतकी मोलाची असली पाहिजे की तिच्यासाठी स्वतःचा साठा काही काळ बेवारस ठेवणेही त्यांना परवडते.

आमच्याही रानात आज पलीकडच्या उतारावरच्या ओकवर काही पक्षी शांत बसून होते. ते प्रेक्षक होते असे ठामपणे म्हणता येणार नाही, परंतु त्यांनी एकदाही लढाईत भाग घेतला नाही एवढे नोंदवून ठेवतो.

16 मार्च

गोंधळ शमला आहे. आता चार नर आणि तीन माद्या आहेत. तिघींपैकी दोघी सतत एकत्र असतात, नर त्यांच्या मागे राहतात आणि तिसरी बाजूला असते. त्या दोघी बाहेरून आलेल्या बहिणी असाव्यात आणि तिसरी जुन्या कुटुंबातली मुलगी असावी, म्हणजे उरलेल्या दोघींपैकी एक आता इथे नाही, असा अंदाज आहे. तसे असेल तर मदतनीस मुलांनाही आता बापाच्या बरोबरीने प्रजननाची संधी मिळते, कारण नव्या माद्या त्यांच्या नात्यातल्या नाहीत.

19 एप्रिल

घरट्याची ढोली कोठाराच्याच झाडावर, वाळक्या फांदीच्या खालच्या बाजूला आहे.

सकाळी एक मादी ढोलीतून चोचीत अंडे घेऊन बाहेर आली. जवळच्या झाडाच्या बेचक्यात तिने ते ठेवले आणि फोडून खाऊ लागली. थोड्याच वेळात दुसरी मादी आणि एक नर तिथे आले आणि तिघांनी मिळून ते संपवले. हे अंडे कदाचित त्या दुसऱ्या मादीचेच असावे.

याबद्दल वाचलेले होते, तरीही प्रत्यक्ष पाहताना मन अस्वस्थ झाले. दोन माद्या एका ढोलीत अंडी घालतात तेव्हा पहिल्या अंड्याचा नाश हा जवळजवळ नियमच असतो. मुमे, कोनिग आणि पिटेल्का यांनी 1983 मध्ये दाखवून दिले की सामाईक घरट्यांत घातलेल्या अंड्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक अंडी अशी नष्ट होतात. जिने स्वतः अजून अंडे घातलेले नाही तीच दुसरीचे अंडे काढते. स्वतःचे अंडे ढोलीत पडल्यानंतर आपले कोणते आणि बहिणीचे कोणते हे तिला ओळखता येत नसावे, कारण ती थांबते. या नासाडीचा परिणाम असा, की दोघी जवळजवळ एकाच वेळी अंडी घालू लागतात आणि अखेरीस दोघींचा वाटा सारखा होतो. सहकार्याने वाढवलेल्या त्या एका घरट्याच्या पोटात ही स्पर्धा आहे, आणि ही दोन्ही अंगे एकत्र लिहिली नाहीत तर या पक्ष्याचे चित्र खोटे ठरेल.

12 मे

अंडी साधारण अकरा दिवसांत फुटतात. आता ढोलीकडे सतत ये-जा आहे. नर, माद्या, मदतनीस, सगळेच चारा आणतात. बहुतेक वेळा चोचीत कीटक असतात, मधूनच फोडलेल्या फळाचा तुकडा. कोठारात अजून थोडी फळे शिल्लक आहेत, त्यांचा उपयोग आत्ता होतो आहे.

पितृत्वाबाबत हेस्टिंग्जमधील जनुकीय तपासणीचे निष्कर्ष उद्‌बोधक आहेत. गटाबाहेरच्या नराची पिले जवळजवळ आढळत नाहीत. गटातील अनेक नर प्रजननाचा प्रयत्न करतात, पण एका घरट्यातील बहुतेक पिलांचा बाप एकच असतो, आणि पुढच्या घरट्यात तो मान दुसऱ्याकडे जाऊ शकतो. बर्वे व सहकाऱ्यांनी 2021 मध्ये संपूर्ण आयुष्याचा हिशेब मांडला, तेव्हा भागीदारीत राहणारे नर एकट्या नरांपेक्षा तोट्यात नसून फायद्यात असल्याचे दिसले, कारण त्यांची प्रजननाची वर्षे अधिक असतात.

8 जून

पिले बाहेर आली. तीन आहेत. तिघांचीही डोळ्यांची बुबुळे गडद आहेत आणि टोपी नरासारखी, काळ्या पट्टीशिवाय लाल आहे. या वयात नर-मादी सांगता येत नाही, त्यामुळे तक्त्यातील लिंगाचा रकाना तूर्त मोकळा ठेवला आहे. पिले अजून चारा मागतात आणि मोठे पक्षी तो देतात.

7 जुलै

वाळकी फांदी धोकादायक म्हणून छाटावी का, असा प्रश्न जमीनमालकांनी विचारला. फांदीखालून वाट जात नाही, कुंपणही दूर आहे. कोठाराचा मोठा भाग आणि घरट्याची ढोली त्याच फांदीवर आहे. कोठार पडले तर कुटुंब बहुधा ती जागा सोडते, आणि त्या आकाराचे नवे कोठार कोरायला कित्येक पिढ्या लागतात, हे त्यांना लेखी कळवले. फांदी ठेवायचे ठरले. खाली गुरे बांधू नयेत एवढी काळजी पुरेशी आहे.

कोठारासाठी झाड मिळाले नाही तर हे पक्षी तारेचे खांब, कुंपणाचे डांब आणि लाकडी घरेही कोरतात. सोनोमा परगण्यातील एका घराच्या भिंतीतून सुमारे 318 किलो एकॉर्न निघाल्याची बातमी 2023 च्या सुरुवातीला आली होती. भिंतीला पाडलेल्या भोकांतून फळे आत पोकळीत पडत गेली, पक्षी भरत राहिले आणि त्यांना त्यातले एकही परत काढता आले नाही. जुनी, जाड सालीची आणि वाळकी झाडे रानात उभी राहू देणे हाच या उपद्रवावर मला दिसणारा खरा उपाय आहे.

जातीची एकूण संख्या आज धोक्यात नाही. तथापि युरोपातून आणलेले स्टार्लिंग पक्षी ढोल्या बळकावतात, नवे ओक पुरेसे रुजत नाहीत, आणि 1990 च्या दशकाच्या मध्यापासून पसरलेल्या ‘सडन ओक डेथ’ या रोगाने कोस्ट लाइव्ह ओक आणि ब्लॅक ओक मरतात. व्हॅली ओक आणि ब्लू ओक यांना तो रोग तसा बाधत नाही.

30 ऑगस्ट

तिन्ही पिले कुटुंबातच आहेत. बुबुळे पांढुरकी होत चालली आहेत आणि बालपिसे गळून प्रौढ पिसे येत आहेत. त्यांपैकी दोघांच्या टोपीच्या पुढच्या बाजूला काळी पट्टी स्पष्ट झाली आहे, तिसऱ्याची लाल टोपी कपाळाला भिडलेली आहे. तक्त्यातील मोकळा रकाना आज भरला : दोन माद्या, एक नर. बाप इथे असेपर्यंत त्या दोघी या कोठारावर प्रजनन करणार नाहीत. एखाद्या शेजारच्या कोठारावर जागा रिकामी झाली, तर एकाच घरट्यातल्या दोन बहिणी म्हणून त्या एकत्र लढायला जाण्याची शक्यता सर्वाधिक आहे. पुढील वर्षाच्या नोंदीत पलीकडच्या उतारावरचे कोठारही निरीक्षणात घेतले आहे.